प्रायश्चित्त, पश्चात्ताप आणि क्षमा
मराठी कुटुंबकथेतील झाकलेल्या गोष्टींचा एक विचार

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, ओहायो आदी प्रांतांत आमिश नावाचा एक ख्रिस्ती शेतकरी पंथ आहे. साधा वेष, घोड्याची गाडी, वीज व यंत्रे यांविषयी संयम, युद्धाला नकार आणि आपसांतील घट्ट बांधिलकी ही त्याची लक्षणे होत. या पंथाच्या जीवनावर इंग्रजीत कादंबऱ्यांचे एक मोठे दालनच उभे राहिले असून त्यांतील बहुतेक कथानके दोन खुंट्यांवर टांगलेली असतात : घरात झाकून ठेवलेली एखादी गोष्ट, आणि ती उघड झाल्यावर मागावी व द्यावी लागणारी क्षमा. आदिलाबादेस लागून असलेल्या मावल्यासारख्या गावी मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या भाषा एकाच रस्त्यावर कानी पडतात. तेथील मराठी शिक्षकाने अशी कादंबरी हाती घेतली, तर वेष आणि देश परका असूनही त्याला तीतील घर परके वाटणार नाही. ‘आपले कोण, बाहेरचे कोण, आणि बाहेर गेलेल्याला पुन्हा पानावर बसवावयाचे की नाही’ हा प्रश्न आपल्याही समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला आहे. आपल्या मराठी गद्याने त्याला काय उत्तर दिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमिश कथेची घडण थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. याकोब अम्मान या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी १६९३ मध्ये स्विस बंधुमंडळापासून फारकत घेतली. या फुटीच्या कारणांत एक प्रमुख कारण बहिष्काराचे होते. बहिष्कृत माणसाशी धार्मिक संबंध तोडणे पुरेसे आहे, की त्याच्यासह एका मेजावर जेवणेही वर्ज्य मानावे, या वादात अम्मानने दुसऱ्या, कडक पक्षाचा पुरस्कार केला. हा बहिष्कार सर्वांवर पडत नाही. ज्याने प्रौढपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घेतला आणि नंतर वचन मोडले, त्याच्यावरच तो पडतो. मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली दिली की तो उठतो. म्हणजे क्षमेचे दार उघडे आहे खरे, परंतु त्या दाराचा उंबरठा कबुली हाच आहे.

कादंबरीकारांना या उंबरठ्यावरच कथानक सापडले. हेलन मार्टिन यांच्या १९०४-०५ मधील कादंबऱ्यांत या साध्या वेषाच्या लोकांकडे बाहेरून, काहीशा उपहासाने पाहिलेले आहे. जोसेफ योडर हा स्वतः त्या परंपरेत वाढलेला लेखक. त्याने १९४० मध्ये ‘रोझॅना ऑफ द आमिश’ लिहून आपल्या आईची कथा सांगितली. ही आई जन्माने आयरिश, कॅथलिक आईबापांची पोर. आमिश स्त्रीने तिला वाढविले आणि ती त्या घरचीच झाली. पुढे बेव्हर्ली लुइस यांच्या १९९७ च्या ‘द शनिंग’ या कादंबरीने याच बीजाला उलटे वळण दिले. लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या केटी लॅप हिला माळ्यावर एक रेशमी अंगडे सापडते आणि आपण या घरात दत्तक आलो हे तिला कळते. रोझॅनेच्या कथेत परके रक्त हे रहस्य नसून सर्वांनी प्रेमाने स्वीकारलेली गोष्ट आहे. केटीच्या कथेत तेच दडपलेले असल्यामुळे घर दुभंगते. ज्या घराने परकेपण मोकळेपणी मानले ते टिकले आणि ज्याने ते लपविले ते हादरले, असा या दोन पुस्तकांचा एकत्रित निष्कर्ष काढावयास हरकत नाही.

आता आपल्याकडे वळू. मेजाच्या जागी पंगत ठेवली की आमिश बहिष्कार आणि आपले ‘वाळीत टाकणे’ यांतील साम्य लागलीच ध्यानी येते. रोटीव्यवहार तुटला, की बेटीव्यवहार तुटतो. न्हावी, परीट, भटजी दारी येत नाहीत. सुतक पडल्यास खांदेकरी मिळत नाही. जातीतील अशा खटल्याला जुन्या मराठीत ‘ग्रामण्य’ म्हणत. हा शब्द आज मागे पडला असला तरी वस्तू मागे पडलेली नाही. म्हणूनच महाराष्ट्र शासनाला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा करावा लागला आणि तो २०१७ पासून अंमलात आला.

ग्रामण्यातून सुटण्याचा जो मार्ग तो प्रायश्चित्ताचा. प्रायश्चित्त आणि क्षमा या दोन गोष्टी आपण बोलण्याच्या ओघात एक समजतो. पण त्या एक नव्हेत. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला, कोणी पेला तसाच ठेवला. तेथे गुपित म्हणावे असे काहीच घडले नव्हते. परंतु गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि एका दुपारच्या चहाला गुपिताचे, गौप्यस्फोटाचे आणि अपराधाचे स्वरूप आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. निमंत्रितांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या सुधारक अनुयायांची मोठी निराशा झाली. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात हा प्रसंग येतो. मित्रांच्या घरची कौटुंबिक अडचण दूर व्हावी म्हणून रानड्यांनी हे केले, असे त्यातून दिसते.

या प्रकरणात अपराध झाला असे प्रायश्चित्त घेणाऱ्याला मनातून वाटत नव्हते, आणि देणाऱ्यांनीही त्याचे मन तपासले नाही. विधी झाला, दक्षिणा गेली, पंगत पुन्हा मांडली गेली. प्रायश्चित्ताचा हा गुण आहे आणि दोषही. तो गुण असा, की माणसाचे अंतःकरण चव्हाट्यावर मांडावे लागत नाही. दोष असा, की ज्याला खरोखर दुखावले गेले त्या माणसाचा या व्यवहारात कोठेच संबंध येत नाही. प्रायश्चित्त माणसाला ज्ञातीत परत आणते. घरात परत आणीलच असे नाही.

मराठी कादंबरीचा आरंभ झाला तोच मुळी या अपुरेपणावर बोट ठेवून. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ चा. १८५४ मध्ये बेळगावी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. पुस्तकाचे स्वरूप प्रवासाचे आहे. यमुना आणि तिचा पती विनायकराव गावोगाव फिरतात, आणि प्रत्येक मुक्कामी एखाद्या विधवेच्या दुःखाची कथा त्यांच्या कानी येते. केशवपन, उपासमार, घरच्याच पुरुषाकडून झालेली फसगत, लपविलेले गरोदरपण, या गोष्टी त्या काळच्या प्रत्येक वाड्याला ठाऊक होत्या. छापील मराठीत मात्र त्या अशा रीतीने प्रथमच आल्या. किंबहुना मराठी कादंबरीने जन्मतःच पहिले काम केले ते घराच्या झाकलेल्या खोलीचे दार उघडण्याचे.

स्वतः यमुना आणि विनायक यांचेही एक गुपित आहे. ते मनाने ख्रिस्ती झालेले आहेत, एकांतात प्रार्थना करतात, परंतु घरी हे सांगण्याचे धैर्य त्यांना होत नाही. लेखकाने इतरांच्या घरांतील गुपिते पापाची म्हणून आणि या जोडप्याचे गुपित श्रद्धेचे म्हणून दाखविले आहे. तरी लपविण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच आहे, हे वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवर वैधव्य कोसळते, आणि अखेर ती उघडपणे ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. येथे प्रायश्चित्ताची जागा पश्चात्तापाने घेतली आहे. हा व्यवहार आता ज्ञातीशी नसून ईश्वराशी आहे. ही मोठीच प्रगती होय. परंतु पदमनजींच्या कादंबरीत क्षमा आहे ती स्वर्गातली. यमुना ज्या घरातून बाहेर पडली, त्या घराने तिला किंवा तिने त्या घराला क्षमा केल्याचे चित्र तीत नाही. तिला घर बदलूनच सुटका लाभते.

कादंबरीत जे सुटले नाही ते सोडविण्याचा यत्न त्याच सुमारास पुण्यात एका निराळ्याच मार्गाने झाला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. विधवेने येथे गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, असे त्याचे स्वरूप होते. आमिश मंडळीत क्षमेचा उंबरठा कबुलीचा आहे हे वर सांगितले. फुल्यांच्या घराला तो उंबरठाच नव्हता. येणारीचे गुपित तिचेच राही. तिला ना प्रायश्चित्त सांगितले जाई, ना पश्चात्तापाचा उपदेश केला जाई. एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले आणि पुढे तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीरावांचा अंत झाला, तेव्हा याच दत्तकपणावरून भाऊबंदांनी अंत्यविधीच्या वेळी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. रोझॅनेच्या आमिश आईची आठवण येथे होते. परक्या पोटचे मूल आपले मानताना त्याचे जन्मरहस्य झाकण्याची गरज तिला वाटली नाही, तशी सावित्रीबाईंनाही वाटली नाही.

याच्या उलट बाजूचे चित्र १८८१ च्या सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यात दिसते. या ब्राह्मण विधवेने आपले नवजात मूल मारले म्हणून तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली व नंतर ती कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. या छोट्या पुस्तकात क्षमेची याचना मुळीच नाही. ज्या अपराधात दोघे असतात त्याची झाकपाक एकाच्या सोयीसाठी आणि शिक्षा दुसऱ्याच्याच माथी का, हा तिचा रोकडा सवाल आहे. क्षमेचा विचार करताना ताराबाईंचा हा सवाल वगळला, तर क्षमा म्हणजे बलवंताची सोय, एवढाच अर्थ उरेल. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मध्ये आणखी एक यमुना येते. पहिल्या यमुनेने पर्यटन केले; ही घरातच राहते, घराचे सारे अंतरंग स्वतःच्या शब्दांत सांगते आणि पतीच्या मृत्यूनंतर सक्तीच्या केशवपनाला बळी पडते. येथेही क्षमा नाही, आणि नसणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. कारण तिची क्षमा मागावयास कोणी पुढे येतच नाही.

अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी गद्याजवळ उघड केलेली गुपिते पुष्कळ होती, परंतु एका घरातील दोन माणसांत घडलेली क्षमा अशी जवळजवळ नव्हती. ती आली लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तून. हा ग्रंथ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. तो कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. तथापि कुटुंबकथेचे जे काम कादंबरीने करावयाचे, ते मराठीत याच ग्रंथाने अधिक पूर्णत्वाने केले.

या कथेत झाकावे असे वाटण्याजोगे पुष्कळ आहे. लक्ष्मीबाई पूर्वाश्रमीच्या मनकर्णिका गोखले. जन्म नाशिकजवळील जलालपूरचा, १८६८ चा. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. सासरची कथाही अशीच. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा. वडिलांचा तापट व संशयी स्वभाव, आईचा करुण शेवट, आणि लहानपणीच त्यांनी सोडलेले घर. दुसऱ्या एखाद्या लेखिकेने या दोन्ही गोष्टी गाळल्या असत्या अथवा त्यांवर अश्रू ढाळले असते. लक्ष्मीबाई त्या हसत सांगतात. हे हसणे निष्ठुर नाही. ज्याचा हिशेब मनात चुकता झाला त्याचेच असे हसणे असते.

मुख्य प्रसंग १८९५ चा. त्याआधी दोन वर्षांपूर्वी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला बरोबर न घेता. त्या काळी या एका कृत्याचा अर्थ असा होता, की पत्नीने एक तर पतीला मेला असे समजावे, नाही तर स्वतः सर्व गोताला मुकावे. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहान दत्तू होता. सुमारे पाच वर्षे ही दोघे एकमेकांपासून दूर राहिली. या काळातील आप्तांचा आधार आणि त्याच आप्तांचे पहारे, टिळकांची पत्रे, तिचे आजारपण, लोकांचे बोलणे, या सर्वांचे वर्णन ग्रंथात अत्यंत साधेपणाने आलेले आहे. टिळकांनी आपल्याला न सांगता हे केले, ही तक्रार तिने लपविलेली नाही. आणि टिळकांनी आपल्यावर प्रेम करणे सोडले नव्हते, ही साक्षही लपविलेली नाही.

पुढे ती अहमदनगरास त्यांच्याकडे गेली. या भेटीत कोणी गुडघे टेकले नाहीत. ती आली, पण आपले सोवळे घेऊन आली. तिची चूल वेगळी, पाणी वेगळे. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मणी, आणि मध्ये स्वयंपाकघराची भिंत. आमिश बहिष्कारात मंडळी एका माणसाला मेजावरून उठविते. येथे एक बाई पतीजवळ येऊनही त्याच्या पंगतीला बसत नाही. परंतु फरक महत्त्वाचा आहे. टिळकांनी तिच्या वेगळ्या चुलीला हरकत घेतली नाही. तिने आपले मत बदलावे, ही तिला घरात घेण्याची अट नव्हती. आणि त्यांनी धर्म सोडावा, ही तिच्या येण्याची अट नव्हती. दोघांनी एकमेकांचे न पटणारे वर्तन तसेच राहू दिले. काळ लोटला, तिने स्वतःच्या मनाशी विचार केला, जातिभेद माणसाने केलेला आहे असा तिचा निश्चय झाला आणि ती भिंत आपोआप पडली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला, तो ही भिंत पडल्यानंतर. प्रथम एकत्र राहणे, मग एका पानावर जेवणे, आणि सर्वांत शेवटी धर्मातील ऐक्य, असा हा क्रम आहे. रूढ क्रम याच्या नेमका उलट असतो.

टिळकांचा स्वभाव धर्मांतराने बदलला असेही लक्ष्मीबाई म्हणत नाहीत. त्यांचा राग, विसराळूपणा, घरातील पैसे गरजवंताला देऊन टाकण्याची सवय आणि अनाथ पोरांना घरी आणण्याचा सपाटा ही सर्व ग्रंथात शेवटपर्यंत आहेत. म्हणून येथील क्षमा एका प्रसंगी दिलेली नाही. ती रोजच्या संसारात पुन्हा पुन्हा दिलेली आहे, आणि बहुतेक वेळा विनोदाच्या रूपाने. क्षमा या शब्दाचा उच्चारही न करता क्षमेचे एवढे दर्शन घडविणारे दुसरे पुस्तक मराठीत क्वचितच आढळेल.

येथे कोणी आक्षेप घेईल, की ही एका असामान्य स्त्रीची सहनशीलता आहे, तिचा आदर्श करणे म्हणजे सर्व स्त्रियांना सोसण्याचा उपदेश करणे होय. हा आक्षेप टाळता येणार नाही. आमिश समाजाविषयीही तो घेतला गेला आहे. २ ऑक्टोबर २००६ रोजी निकेल माइन्स येथील आमिश शाळेत एका बाहेरच्या माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. त्यांतील पाच दगावल्या. मारेकऱ्याने स्वतःचाही शेवट करून घेतला. त्या समाजातील माणसे त्याच दिवशी त्याच्या कुटुंबाच्या भेटीस गेली आणि पुढे त्याच्या दफनविधीलाही हजर राहिली. साऱ्या जगाने या क्षमेपुढे मान लववली, आणि ते योग्यच झाले. परंतु याच पंथातून बाहेर पडलेल्या काही स्त्रियांनी हेही सांगितले आहे, की घरातील अत्याचाराची अपराध्याने मंडळीपुढे कबुली दिली की पीडितेनेही क्षमा केलीच पाहिजे असा दंडक पडतो आणि तिचे तोंड कायमचे बंद होते. क्षमा सक्तीची झाली, की ती गुपिताचीच दुसरी कडी बनते. ताराबाईंचा सवाल येथे पुन्हा उभा राहतो.

लक्ष्मीबाईंच्या क्षमेला हा दोष लागत नाही, याचे कारण त्यांनी ती तोंड मिटून दिलेली नाही. त्यांनी सर्व सांगितले : वडिलांचे वेड, पतीचा राग, स्वतःचा हट्ट आणि स्वतःची फजिती. सांगण्याचे स्वातंत्र्य हाती ठेवून त्यांनी क्षमा केली. प्रायश्चित्तात सांगणे अनावश्यक असते. पश्चात्तापात ते अपराध्याने करावयाचे असते. खऱ्या क्षमेत मात्र ज्याने सोसले त्याला सांगण्याचा अधिकार प्रथम असतो. आमिश कादंबरीने पहिल्या दोहोंचा चांगला मेळ घातला आहे. तिसऱ्या गोष्टीसाठी मराठी वाचकाला दूर जाण्याची गरज नाही.

टिळक १९१९ मध्ये वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभीच्या थोड्या अध्यायांवरच थांबले होते. त्याचे पुढील बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ मध्ये त्यांचाही अंत झाला आणि शेवटची पूर्ती पुत्र देवदत्त यांनी केली. हे देवदत्त म्हणजे ज्याला कडेवर घेऊन ती १८९५ मध्ये एकाकी झाली होती, तोच दत्तू. ज्या पुस्तकाने तिचा संसार मोडला, त्याच पुस्तकातील चरित्र त्या तिघांनी मिळून मराठीत गायिले.